न जोडलेली नोंद

"आदी च्या, मग सपान, मग तुमचं काय आसंल त्ये."

उंब्रजजवळच्या त्या आजींच्या घरी कुणीही गेलं तरी क्रम हाच. पोस्टमन असो, आशाताई असो, की माझ्यासारखी सर्वेक्षणवाली.

माझं काम सांगायला सोपं आणि पटवायला अवघड होतं. सैनिकांच्या पत्नींच्या पेन्शनच्या नोंदी दवाखान्याच्या, रेशनच्या आणि घरातल्या जन्ममृत्यूच्या नोंदींशी जोडायच्या, नावं काढून टाकायची आणि पेन्शनच्या आधारानं या बायकांचं म्हातारपण कसं जातं ते बघायचं. अर्थात ज्यांची त्यांची संमती असेल तरच.

आजींचे मालक फौजेत होते. लग्नानंतर थोड्याच वर्षांत बर्फात गस्तीवर गेले आणि परतले नाहीत. काहीच सापडलं नाही. पुढे रीतसर मृत्यूची नोंद झाली, आजींना पेन्शन सुरू झाली. कुंकू मात्र त्यांनी पुसलं नाही. गावानंही कधी विषय काढला नाही. आपल्याकडची गावं एरवी किती बोलतात ते तुम्हाला ठाऊकच आहे.

हयातीच्या दाखल्यासाठी मी एकदा त्यांना बँकेत घेऊन गेले. नव्या साहेबानं कागद पाहिला, मग कपाळावरचं कुंकू पाहिलं.

"आजी, तुम्ही पुन्हा लग्न केलंय का?"

"पुना कशाला? पयलंच चालू हाय."

साहेबानं माझ्याकडे बघितलं, मी छताच्या पंख्याकडे. त्यानं मुकाट्यानं शिक्का मारला.

स्वप्न जवळजवळ रोजचं, मालकांचंच. "आज पाटाकडनं आलं. बुटं हातात धरून. सारवलेलं खराब व्हईल म्हनून. आत या म्हनलं, तर म्हनत्यात, सुट्टी मंजूर न्हाई." सांगताना त्या उंबऱ्याकडे अशा बघायच्या की मीही वळून बघायचे. दारापर्यंत आलेला ऊस हलत असायचा. त्या सळसळीत बसून चहा पिताना आपण जागे आहोत की नाही, तेच मला कळेनासं व्हायचं. एकदा हळूच म्हणाल्या, "त्ये आजून तरणंच हायती गं. आन् मी ही आशी. लय लाज वाटती."

संमती घ्यायला बसलो तेव्हा दवाखान्याला हो म्हणाल्या, रेशनला हो म्हणाल्या. मी म्हटलं, "आता आजोबांच्या मृत्यूची नोंद पेन्शनला जोडायची."

त्यांनी कप खाली ठेवला. "ती नगं."

"आजी, नाव कुठंच दिसणार नाही."

"नावाचं न्हाई गं पोरी. तुमी पेन्शन म्हनता, माझ्या लेखी त्यो त्यांचा पगार हाय. त्ये कामावर हायती म्हनून येतुया. दोन कागदं येगयेगळी हायती तवर बरं हाय. जोडलीस की त्ये गेलं."

मी तिथे 'नाही' लिहिलं. ऑफिसात आमचे सर वैतागले. अशानं अभ्यास लंगडा पडतो म्हणाले, आणि त्यांचं चूक नव्हतं. पण माझाही हट्ट कमी नाही. 'नाही' तसंच राहिलं.

पुढच्या खेपेला आजींनीच विषय काढला. "तुझं काम आडायला नगं. मी हाय तवर ऱ्हाऊ दे. माझ्या माघारी जोड." तसं लिहून घेतलं. त्यांनी खाली वळणदार सही केली आणि लगेच नव्या स्वप्नाकडे वळल्या.

गेल्या हिवाळ्यात त्यांच्या पुतण्याचा फोन आला. आजी पहाटे झोपेतच गेल्या होत्या. त्यानंतर मी बाकीच्या सगळ्या नोंदी संपवल्या, ती एक मागे ठेवत गेले. शेवटी एका दुपारी सर म्हणाले, "तेवढी राहिलीय." मी ती जोडली. काहीच वेळ लागला नाही. बाजूच्या टेबलावर सहकारी डबे उघडत होते, मला हाका मारत होते.

ज्या माणसाला मी कधी पाहिलंही नव्हतं, तो त्या दुपारी गेला, आणि मला रडू आवरेना.