मार्सेय बंद!

हसायचं नाही असं आधी कबूल करा, मगच सांगतो. या फजितीचा एकमेव साक्षीदार म्हणजे माझे सासरे, आणि ते ती तिखटमीठ लावून सांगतात. तेव्हा खरी हकीकत माझ्याच तोंडून ऐका.

आमचे अण्णा, म्हणजे सासरे, साताऱ्याच्या शाळेत जन्मभर इतिहास शिकवत होते. इथे अमेरिकेत, ईडन प्रेरीला, आमच्याकडे राहिले, पण त्यांना ना मॉलचं कौतुक ना तळ्यांचं. एकच धोशा! "भारतात परत जाताना वाटेत मार्सेलिस लागतं का हो, श्रीकांतराव?" पुस्तकातली स्वातंत्र्यवीरांची ती समुद्रातली उडी त्यांनी पोरांच्या पिढ्यांना शिकवली, पण ते बंदर काही पाहिलं नव्हतं. गुडघे कुरकुरायला लागले होते. पुन्हा एवढा प्रवास त्यांच्याच्यानं होणार नव्हता.

मी म्हटलं, दाखवतोच! मीही सुट्टीवर निघालो होतो. फ्रान्सच्या व्हिसासाठी दोघं शिकागोपर्यंत जाऊन रांगेत उभे राहिलो. शनिवारी आमच्या मराठी मंडळाचा कार्यक्रम उरकला (सेक्रेटरी मीच, दुसरं कोण मरणार?), रविवारी विमानात बसलो आणि सोमवारी सकाळी मार्सेयला, म्हणजे अण्णांच्या मार्सेलिसला, उतरलो. अंगात मंडळाचा केशरी टीशर्ट, कारण उरलेले सगळे माझ्याच गळ्यात पडले होते. संध्याकाळी पुढचं विमान. हातात फक्त एक दिवस!

विमानतळावरून रेल्वे स्टेशनला आलो. तिथल्या पायऱ्यांवरून सगळं शहर दिसलं. पलीकडे टेकडीवर सोनेरी मूर्तीचं चर्च. अण्णांचा चेहरा असा फुलला म्हणता! मी रुबाबात म्हणालो, "आधी म्युझियम, मग बसने ते चर्च, मग बंदर आणि बोट!"

"मी काय म्हणतो," अण्णा म्हणाले, "आज..."

"अण्णा, तुम्ही फक्त बघा. मी आहे ना!"

सामान ठेवायची खोली बंद. ठीक आहे, म्हटलं, बॅगा ओढू. अण्णांच्या बॅगेत निम्मे बदाम! स्टॉपवर ताटकळलो, बस येईना. टॅक्सी दिसेना. दुकानांची शटर खाली. कसेबसे म्युझियमला पोचलो, तर दाराला कुलूप! सोमवारी, भर दिवसा, कुलूप! तुमचं डोकं फिरलं नसतं?

"कामच नको यांना!" मी तिथेच सुरू झालो. "कस्टमर दारात उभा आहे आणि हे घरी झोपलेत! आमच्या अमेरिकेत चाललं असतं का असं?"

"अहो श्रीकांतराव, आज..."

"तुम्ही मध्ये पडू नका अण्णा. मी यांची कम्प्लेंटच करतो. काढा माझा फोटो या कुलपासमोर! पुरावा पाहिजे."

अण्णांनी फोटो काढला.

मग पायी बंदराकडे. मी पुढे बडबडत, अण्णा मागे गुडघा धरत. वाटेत एक आफ्रिकन बाई टोपलीत इवली इवली पांढरी फुलं विकत होती. अण्णांनी एक जुडी घेतली आणि ऐटीत खिशाला लावली.

"बघा," मी म्हणालो, "अख्ख्या गावात ही एकच बाई काम करतेय!"

बंदरावर पोचलो तर काय, ढोल, लाल झेंडे आणि ही गर्दी! गाइडबुकात वाचलं होतं की इथे अल्जीरियाचे, आर्मेनियाचे, इटलीचे, कोमोरोस बेटांचे लोक पिढ्यान्पिढ्या एकत्र राहतात. ते सगळेच्या सगळे घोषणा देत रस्त्यावर उतरले होते. म्हणजे संप! आता मात्र माझा पारा चढला. कडेने चालणाऱ्या एका टोपीवाल्या म्हाताऱ्याला गाठलं आणि इंग्रजीत झापायला सुरुवात केली.

"माझे सासरे इतक्या लांबून आलेत! एकच दिवस आहे आमच्याकडे. संपाला तुम्हाला दुसरा दिवस नाही सापडला?"

"दुसरा दिवस?" तो गोंधळला. त्याला मोडकंतोडकं इंग्रजी येत होतं. "तुम्ही कुठून आलात?"

"अमेरिकेहून!" मी छाती काढून म्हणालो.

तो जो हसत सुटला! मागच्या चारचौघांना ओरडून सांगितलं, तेही हसले. "अहो साहेब, हा दिवस तर तुमच्याकडूनच आला! शिकागोच्या संपातून! कामगार दिन!"

शिकागो! जिथे मी व्हिसासाठी तिष्ठत उभा होतो, तेच!

"आमच्याकडे लेबर डे सप्टेंबरमध्ये असतो," मी पुटपुटलो.

"आणि आपल्याकडे, जावईबापू?" अण्णा म्हणाले. "सकाळपासून तेच सांगतोय. आज एक मे आहे!"

"मग सांगायचं नाही का?" मी उलट त्यांच्यावरच डाफरलो.

"बोलू दिलंत कुठे?"

एव्हाना त्या म्हाताऱ्याने अण्णांच्या दंडाला धरून त्यांना मोर्च्यात ओढलंही होतं. दोन म्हातारे, एकाला दुसऱ्याची भाषा येत नाही, आणि हात वर करून घोषणा देतायत! पाण्याच्या कडेला पोचल्यावर अण्णा थांबले. नजरेनेच बोटीपासून धक्क्यापर्यंतचं अंतर मोजलं. मग चष्मा पुसत म्हणाले, "पाहिलं हो. झालं समाधान."

पण मास्तर शेवटी मास्तरच. "तुम्ही एक मे विसरलात याचं मात्र नवल वाटतं," असं म्हणून त्यांनी फुलांची ती जुडी माझ्या छातीवर टेकवली.

मी मान खाली घातली. केशरी टीशर्टवर, उलट्या बाजूने का होईना, माझं मलाच वाचता आलं. "१ मे, महाराष्ट्र दिन."

आता मला सांगा, यात माझी काय चूक? अमेरिकेत आपला गणपती शनिवारी बसतो. दिवाळी शाळेचा हॉल मिळेल त्या शनिवारी येते. महाराष्ट्र दिनही आमचा शनिवारीच झाला होता. झाला म्हणजे संपला! तो सोमवारी पुन्हा उगवेल, तेही फ्रान्समध्ये, हे कुणाच्या ध्यानात येणार?

अण्णांना हे पटत नाही. कुलपासमोर हातवारे करतानाचा माझा तो पुरावा त्यांनी मोठा करून साताऱ्याच्या बैठकीत लावलाय. येणाऱ्याजाणाऱ्याला जवळ नेऊन ते टीशर्टवरची खालची बारीक ओळही वाचून दाखवतात. ती ओळ माझीच. कमिटीशी भांडून छापून घेतली होती.

"जगात कुठेही असू, हा दिवस विसरणार नाही!"