कोठीतलं पिल्लू

राष्ट्रीय उद्यानाच्या आतल्या चौकीवर वनरक्षकांसाठी रांधणाऱ्या बाईला सगळे मावशी म्हणत. नवरा गेल्यावर ती इथे आली आणि इथलीच झाली. पाणवठ्यावर हरणं, छपरावर खारी, झाडांच्या बुंध्यांवर अस्वलांच्या नखांचे ओरखडे. "माझे शेजारी," ती म्हणायची. जीभ तिखट, पण हात सढळ.

सून तिला शहरात न्यायला आली होती. "आई, पुरे झालं आता. घरी चला."

"मला काय धाड भरलीय?" मावशीनं उडवून लावलं.

दुपारी वनरक्षक गस्तीवर होते. सून बटाटे आणायला स्वयंपाकघरामागच्या कोठीत गेली. एवढ्यात झाडीतून अस्वलीण येताना दिसली, तशी मावशीनं धावत जाऊन स्वयंपाकघराच्या दाराला आतून कडी घातली. आणि कोठीतून सुनेची किंकाळी आली. मावशी तिकडे धावली.

अस्वलिणीचं पिल्लू आधीच आत शिरलं होतं! कोठीत ते पोत्यांमागे केकाटत होतं, आणि सून वरच्या फळीवर अंग चोरून बसली होती. त्या आवाजाच्या रोखानं अस्वलीण मागे वळसा घालून आली आणि कोठीच्या मागच्या दारावर धाडकन आदळली. एक फळी तडकली.

"दार उघडते," मावशी कुजबुजली.

"वेड लागलंय का तुम्हाला?"

"पिल्लासाठी आलीय ती. दार मोडून आली तर चवताळून येईल. तू हलू नकोस."

धक्के जरा थांबले. मावशीनं अडसर काढला, दार आत ओढलं आणि त्याच दाराआड भिंतीला चिकटून उभी राहिली. उग्र वास घुसला. अस्वलीण आत आली, मान वर करून तिनं सुनेकडे पाहिलं. सुनेनं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. अस्वलिणीचं धूड दाराला घासलं, मावशीची बोटं चेमटली; तिनं हूं की चूं केलं नाही. पिल्लू टुणकन आईच्या पायांत शिरलं. एक गुरगुर, आणि दोघं बाहेर.

काटक्या मोडल्याचा आवाज विरला, तशी मावशी मटकन पोत्यावर बसली.

"भीती नाही वाटली तुम्हाला?" सुनेनं खाली उतरून विचारलं.

"वाटली की. एकटी असते ना, तर टेबलाखाली शिरले असते."

हंगाम संपल्यावर मावशीनं खरंच शहरात जायला सामान बांधलं. वनरक्षकांनी मनधरणी केली, "मावशी, अस्वलाला न भ्यालेल्या तुम्ही!"

"भ्याले रे बाबांनो," ती म्हणाली, "म्हणूनच चाललेय."