काकूची चिनी मातीची माणसं

आमची काकू कपडे आल्टर करायच्या दुकानात बसायची. आठवडाभर लोकांच्या पँटी आखूड कर, चेन बदल, आणि सुट्टी मिळाली की जुन्या बाजारात. तिथून आणायची काय, तर चिनी मातीच्या डब्या आणि बाहुल्या. छत्रीवाली बाई, गिरकी घेणारी नाचरी, कुत्रं कडेवर घेतलेली पोरगी. डब्या तर इतक्या लहान की दोन बटणं टाकली की भरल्या.

"अगं, यात ठेवायचं काय?" काका विचारायचे.

"तुमची अक्कल," काकू म्हणायची, "वर जागा उरेल."

काका डेपोत बसगाड्या धुवायला होते, रिटायर होईपर्यंत तेच काम. काकू त्यांना कपाटाला हात लावू द्यायची नाही. "तुमचा हात बसवर चालणारा. लांबून बघा." स्वतः मात्र एकेक बाहुली मांडीवर घेऊन कोरड्या ब्रशने पुसायची, लेकराचं तोंड पुसावं तशी.

मग काकू गेली. सकाळी चहा ठेवला, खुर्चीत बसली, ती उठलीच नाही. काका रडले नाहीत. माणसं आली, गेली. ताट पुढं ठेवलं की काका जेवायचे, काही विचारलं की बरं म्हणायचे.

दादा, म्हणजे त्यांचा मुलगा, म्हणाला, "बाबा, आता माझ्याकडेच चला. पण आईचं हे सगळं तिकडं मावायचं नाही. जुन्या वस्तूंचा एक दुकानदार उद्या येतोय. चांगलं चांगलं तो घेईल, उरलेलं बघू."

काकूचं एकच मागणं असायचं, माझ्यामागं कपाटातल्या या माणसांची ताटातूट करू नका, सगळी एका घरात ठेवा. काकांच्या ते ओठापर्यंत आलं. पण तोंडातून निघालं, "बरं."

दादा गेल्यावर काकांनी कपाट उघडलं. सगळ्यांवर धूळ. परका माणूस बघणार आणि म्हणणार बाई गबाळी होती. धुणं तर काकांचं कामच. मोठा टब काढला, कढत पाणी ओतलं, साबण फेसला आणि सगळी माणसं एकदम भिजत घातली. गाडीचा चिखल असाच सुटतो, भिजू द्यावा लागतो. तोवर ते खिडकीत बसून राहिले.

परत येऊन पाण्यात हात घातला तर हातात हात आला. नुसता हात, काडीएवढा. मग छत्री. मग पोरीचं डोकं.

काकूनं आणलेलं सगळं फुटकंच होतं. काका घरात नसले की ती पाण्यात सुटणाऱ्या पांढऱ्या डिंकानं जोडायची, सांध्यावर रंग फिरवायची. इतकी सफाई, की एका घरात राहून काकांना पत्ता नव्हता. कोरडं का पुसायची ते त्यांना आत्ता कळलं. टबाजवळ उभे राहिले. काही वाटलंच नाही. एकेक तुकडा काढून टॉवेलवर ठेवत गेले.

दुसऱ्या दिवशी दुकानदारानं टॉवेल बघितला.

"आजोबा, हे काय केलंत?"

"धुतलं."

"यात धड काहीच नाही हो. माझ्या काय कामाचं?" म्हणून तो गेला.

दादानं डोक्याला हात लावला. "झालं! आता टाकूनच द्यायचं सगळं."

"नाही," काका म्हणाले. काकू गेल्यापासून पहिल्यांदाच नाही म्हणाले. आवाज चढवला नाही की काही नाही. "हे तिकडं मावत नसेल, तर मीपण मावत नाही."

"बाबा, असं काय लहान पोरासारखं करताय? संध्याकाळी फोन करतो. तोवर नीट विचार करा."

विचार कसला करणार. काकूच्या शिलाईच्या डब्यात डिंकाची बाटली सापडली, ती घेऊन काका बसले. नाचरीला एक हात चिकटवला. तिचाच की छत्रीवालीचा, कळायला मार्ग नव्हता. पण बसला. डिंक धरेपर्यंत दाबून ठेवावा लागतो, तसा दोन बोटांत धरून बसले.

फोन वाजला. दादाचाच असणार. काकांनी वाजू दिला.