पाठच्या भावाचा पासपोर्ट

दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. पण तिने बावीस वर्षं दात घडवून घर चालवलं होतं. आई लेकीबद्दल हे आल्यागेल्याला सांगायची आणि ऐकणाऱ्याच्या आधी स्वतःच हसायची. लेक कवळ्या बनवायची. दवाखान्यांतून तोंडाचे ठसे लॅबमध्ये यायचे. ती प्लास्टर ओतून साचा काढायची, मेणात एकेक दात बसवायची आणि शेवटी चाकावर घासून कवळी अशी गुळगुळीत करायची, की जिभेला कुठे बोचू नये. मालक नव्या मुलींना सांगायचे, “आठवडाभर काही करू नका, नुसतं ताईंच्या हाताकडे बघा.”

त्या वर्षी मात्र तिचं कामातलं लक्ष उडालं.

कारण पाठचा भाऊ. तिच्याहून नऊ वर्षांनी लहान, लिफ्टचा मेकॅनिक. कुणी लिफ्टमध्ये अडकलं, की दाराला तोंड लावून आतल्या माणसाशी गप्पा मारत मारत काम करणारा. मुंगी मारायची झाली तरी आईला हाक मारणारा. हा माणूस जेवताना मोबाइलवर हजारो मैलांवरचं युद्ध बघायला लागला. पडलेली घरं, ढिगाऱ्यातून काढलेली पोरं. आधी घास तोंडाजवळ थांबायचा, मग जेवणच थांबलं. पहाटे उठून तो पाठीवर वाळूची पिशवी घेऊन जिने चढायला लागला.

“लिफ्टवाल्याने जिने चढावेत म्हणजे धंद्यालाच बट्टा,” ती म्हणाली.

तो हसला नाही. “ताई, तिकडे माणसं मरतायत आणि मी बटणं बदलतोय.”

त्याच्या व्यायामशाळेतला एक मित्र, सगळे त्याला पैलवान म्हणत, दोन महिन्यांपूर्वीच तिकडे लढायला गेला होता. तो काय काय पाठवायचा देव जाणे, पण मोबाइल वाजला की भाऊ बाल्कनीत जाऊन दार ओढून घ्यायचा. मग एके दिवशी कपाटातल्या पत्र्याच्या डब्यातून त्याचा पासपोर्ट गेला. परदेशात हॉटेल बांधतायत, तिथे लिफ्ट बसवायचं काम मिळालंय, गुरुवारी निघतो, असं त्याने आईला सांगितलं. आई खूश झाली. बहिणीने त्याच्या पलंगाखाली वाकून पाहिलं. जाड तळव्याचे नवे बूट होते, आणि रक्त थांबवायच्या पट्ट्यांचा आख्खा खोका. लिफ्ट बसवायला पट्ट्या कशाला?

बसथांब्यावर सरकारने एक पाटी लावली होती. ‘घरातलं कोणी परक्या लढाईला निघालंय? वेळीच कळवा.’ खाली नंबर. तिने ती कितीदा वाचून नाक मुरडलं होतं. आपल्याच माणसाची चुगली करा म्हणे! नवा कायदाही आला होता. परक्या देशात जाऊन हत्यार उचललं तर परतल्यावर तुरुंग, आणि निघण्याआधी कळलं तर पासपोर्ट जप्त, पण गुन्हा नाही. बुधवारी दुपारी लॅबच्या जिन्यात उभं राहून तिने तो नंबर लावला. पलीकडून एक बाई बोलली आणि हिने फोन बंद केला. पुन्हा लावला.

“तो तुमचा कोण?”

“पाठचा भाऊ.”

“निघणार कधी?”

“उद्या,” ती म्हणाली. “त्याला मारहाण नाही ना करणार?”

“नाही हो ताई. पण तुम्ही गप्प राहिलात, तर तिकडचं कुणी असं वचन देणार नाही.”

गुरुवारी विमानतळावर पासपोर्ट तपासायच्या खिडकीवरच त्याला बाजूला घेतलं. दिवसभर एका खोलीत बसवून विचारपूस केली, दोन वर्षांसाठी पासपोर्ट काढून घेतला आणि एक कागद हातात दिला. दर सोमवारी पोलीस ठाण्यात सही, दर बुधवारी घरी सरकारी सल्लागाराची भेट. संध्याकाळी तो घरी आला तो भिंतीला पाठ लावून बसला.

“कुणी सांगितलं यांना?” एवढंच त्याने विचारलं.

आईने शेजारणीचं नाव घेऊन घर डोक्यावर घेतलं. हिने ताटं मांडायला घेतली.

बुधवारी सल्लागार आला. टक्कल पडलेला, एका कानाने कमी ऐकणारा माणूस. पूर्वी फौजेत जखमींना उचलायचं काम करायचा. तो उपदेश करील म्हणून भाऊ दात-ओठ खाऊन तयारच होता. पण त्याने चहा घेतला आणि विचारलं, “दोरावर लटकलेली लिफ्ट हाताने कशी उतरवतात हो?” दोघं तासभर ब्रेक आणि दोरांवरच बोलले. तिसऱ्या बुधवारी भाऊच म्हणाला, “तुम्ही तरी सांगा, त्या पोरांसाठी जायचं नाही तर काय करायचं?”

“पोरांसाठी निघालेले मी पुष्कळ पाहिले,” सल्लागार म्हणाला. “त्यातल्या निम्म्यांना मीच उचललं. पोरं होती तिथेच राहिली. तुम्हाला खोटं कशाला सांगू, मलाही पुरतं उत्तर माहीत नाही.”

ती स्वयंपाकघरातून ऐकत होती. एवढ्या सरळ माणसासमोर आपणच लबाड ठरतोय, असं तिला वाटलं. हात पुसत ती बाहेर आली.

“फोन मी केला होता.”

आईच्या हातातली बशी कलंडली. भाऊ उठला, चपला घातल्या आणि गेला. चार दिवसांनी सामान न्यायला आला, तेव्हा आईच्या पाया पडला आणि ताईच्या अंगावरून असा गेला, जसं तिथे कपाट आहे. आईही महिनाभर तिच्याशी कामापुरतंच बोलली. “पाठच्या भावाच्या पाठीत...” एवढं म्हणून ती थांबायची. पुढचं ऐकण्यापेक्षा ते अर्धवट वाक्यच जास्त लागायचं.

वर्ष गेलं. सोमवारी सह्या चालू आहेत एवढं तिला सल्लागाराकडून कळायचं. तिच्या हातून कवळ्यांचे दात तिरके बसायला लागले. मालक काही बोलत नसत, पण कवळ्या परत यायला लागल्या.

एका दुपारी लॅबमध्ये एक म्हातारी आली. कवळी सैल झाली होती. ती पैलवानाची आई होती. चार महिने मुलाचा फोन नव्हता; सरकारी माणूस येऊन सांगून गेला, की तो बहुतेक गेला, पण देह मिळालेला नाही. झुरून म्हातारीच्या हिरड्या आटल्या होत्या.

“तू भावाला अडवलंस ते ऐकलं मी,” कवळी हातात धरून ती बोळक्या तोंडाने म्हणाली. “मलाही ठाऊक होतं गं. मी त्याला लोकरीचे मोजे विणून दिले. तिकडे थंडी असते म्हणाला.”

ताईने ती कवळी संध्याकाळपर्यंत बसून नीट केली, तीनदा तोंडात बसवून पाहिली, आणि म्हातारीला बसपर्यंत सोडून आली.

दोन वर्षांची मुदत संपली. भावाचा पासपोर्ट टपालाने जुन्याच पत्त्यावर आला. पोस्टमनच्या वहीत सही तिनेच केली. पाकीट तीन दिवस तिच्या पिशवीत फिरलं. जाळावं? हरवलं म्हणावं? चौथ्या दिवशी ती सरळ त्याच्या कामावर गेली. तो एका इस्पितळाच्या लिफ्टखालच्या खड्ड्यात उभा होता, कोपरापर्यंत ग्रीस.

“हे आलंय.”

त्याने वर पाहिलं. दोन वर्षांत पहिल्यांदा. “तीन दिवसांपूर्वीचा शिक्का आहे यावर.”

“हो.”

“फाडला नाहीस?”

“मनात आलं होतं.”

त्याने चिंधीला हात पुसून पाकीट घेतलं. “पैलवानाने मला शेवटी लिहिलं होतं, येऊ नकोस म्हणून. तेव्हाही मला तुझाच राग आला, ताई. त्याचा नाही.” मग पाकीट हत्यारांच्या पिशवीत टाकून म्हणाला, “आईला सांग, रविवारी येतो.”

रविवारी तो आला, जेवला, आईचा बिघडलेला पंखा चालू करून दिला. हत्यारांची पिशवी दाराशी होती, आणि ताईचा एक डोळा ताटात, एक पिशवीवर. जेवण झाल्यावर तो उठला, तशी तीही उठली.

“ताई,” तो म्हणाला, “मी मोरीत हात धुवायला चाललोय, विमानतळावर नाही.”

आई हसली. तीही हसली. पण नळाचं पाणी बंद होईपर्यंत ती काही खाली बसली नाही.