दगडाकडे तोंड केलेले बूट

रशीदाभाभींचा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. "साहब गये," एवढंच त्या म्हणाल्या. त्यांचा नवरा, माझा मित्र मोहसीन जाणार हे सगळ्यांना ठाऊक होतं, त्यालाही. थोड्याच दिवसांपूर्वी मी त्याच्या उशाशी बसलो होतो. छताकडे बघत तो म्हणाला, "पैठणकर, मेरे बाद अब्बाचे बूट ने आणि कड्याखाली ठेव. मुझसे तो हुआ नहीं." माझं आडनाव पैठणकर नाही. मी पैठणचा, म्हणून पहिल्या भेटीत ठेवलेलं नाव त्यानं जन्मभर चालवलं. मी हो म्हटलं. आजारी माणसाला नाही कोण म्हणतं?

शहागंजच्या मागच्या गल्लीत त्याचं घर. उंबऱ्याच्या आत शिरलं की डाव्या हाताला तपकिरी बुटांची एक जोडी असे, कायम चकचकीत. निजामाविरुद्धच्या पोलीस ॲक्शनच्या दिवसांत त्याचे अब्बा, तहसिलीतले कारकून, "नुक्कड तक जाके आतूं" म्हणून घरातल्या सपाता घालून बाहेर पडले, ते परतलेच नाहीत. मोहसीन तेव्हा रांगत होता. कुणी सांगे हैदराबादेत दिसले, कुणी सांगे कराचीला पोचले. बाकीचे जे म्हणत ते त्याच्या अम्मांसमोर म्हणत नसत. अम्मांनी ना विधवेची इद्दत पाळली, ना नवऱ्याच्या नावानं कधी फातिहा दिला. बूट जागचे हलवायचे नाहीत आणि दिवसा दाराला कडी लावायची नाही, असे दोन नियम मात्र त्यांनी घराला लावून दिले. त्यामुळे त्या घराचं दार मी कधी वाजवलं नाही, सरळ आत जायचो.

अशा घरातल्या मुलानं मेलेल्यांचाच अभ्यास करावा, याचं मला हसू यायचं. तो उत्खनन करणारा, मी सापडलेल्या मडक्यांची चित्रं काढणारा. गोदावरीच्या खोऱ्यातल्या जुन्या वस्त्यांत घराच्या जमिनीखाली पुरलेले सांगाडे मिळतात, आणि त्यातल्या काहींचे पाय घोट्यापासून तोडलेले असतात. मेलेलं माणूस चालत परत येऊ नये म्हणून, असं आमच्यातले बरेच जण मानतात. मग ते पाय जातात कुठं, हा प्रश्न मोहसीनला छळत असे. अजिंठ्याच्या अलीकडच्या डोंगरात एका उभ्या कड्याच्या कपारींत मडकी दिसतात असं कळलं, तेव्हा आम्ही दोर आणि शिड्या घेऊन तिथं गेलो. मडकी होती. सगळ्यांची तोंडं दगडाकडे वळवलेली, दरीकडे एकाचंही नाही. आत फक्त पायांची हाडं... माणसाच्या पावलातली ती बारकी हाडं, ओंजळभर. कपारीत वारा अजिबात नव्हता, तरी माझ्या मानेवर काटा आला. फोटोसाठी मी एक मडकं बाहेर वळवलं, तर मोहसीन म्हणाला, "खींच लिया? आता आधी होतं तसं ठेव." भुताला घाबरतोस का, म्हणून मी त्याची भरपूर थट्टा केली. तो हसला, पण मडकं वळवून होईपर्यंत तिथून हलला नाही.

खालच्या गावात मडक्यांबद्दल कुणी बोलत नसे, पण तिथली एक रीत चालू होती. माणूस गेलं की त्याच्या पायातलं पायताण कड्याच्या पायथ्याशी ठेवायचं, टोकं दगडाकडे करून. परतताना आपल्या चपला हातात धरून अनवाणी चालायचं, ओढा ओलांडेपर्यंत. पायताण वाजलं की मेलेला मागोमाग येतो म्हणे. अम्मा वारल्या त्या वर्षी मोहसीन अब्बांचे बूट पिशवीत घालून तिकडे निघाला. संशोधनासाठी नव्हे, त्याला हे एकदाचं संपवायचं होतं. गावचे पाटील सोबत होते. बूट बघून त्यांनी विचारलं, "सायब, यांचं मरण कुणी पाह्यलं का?"

"नाही."

"मंग नका ठिऊ. मानूस जिता असला तर त्याचे पाय हितंच अडकतेत. घराची वाट गावायची नाय त्याला."

मोहसीननं बूट खाली ठेवले नाहीत. मी वैतागलो. एवढा शिकलेला माणूस तू, म्हणून तिथंच भाषण ठोकलं. तो शांतपणे म्हणाला, "तू तुझ्या बापाला जाळून आलास, पैठणकर. तुला बोलणं सोपं आहे." बूट पुन्हा पिशवीत गेले. पुढं दर ईदच्या आधी तो ते मोच्याकडे न्यायचा. न घातलेल्या बुटांना कशाची दुरुस्ती, म्हणून मी छेडलं तर म्हणे, "चमडा बैठे बैठे भी बुढा होता है." अब्बा असते तर त्यांनी शंभरी ओलांडली असती, तरी त्याचं हे चालूच होतं.

गेल्या महिन्यात भाभी आणि मी तिकडे गेलो. त्यांचे गुडघे दुखतात, म्हणून त्या चढाच्या खाली थांबल्या. भर दुपार होती आणि कड्याखाली चिटपाखरू नव्हतं. ओळीनं मांडलेली पायताणं, काही इतकी जुनी की नुसते तळवे उरलेले, सगळी दगडाकडे तोंड करून उभी. बूट काढायला पिशवीत हात घातला तर आतून ऊबदार लागले, आत्ता कुणी काढून ठेवले असावेत तसे. गाडीत उन्हात होते, म्हणून. मी स्वतःला तसं मोठ्यानं सांगितलं. कधीही न पाहिलेल्या माणसाच्या मरणाचा निकाल माझ्या हातून लागत होता. जन्मभर या गोष्टींना हसलेला मी, पण रीत सगळी पाळली. मी बूट ठेवले, टोकं दगडाकडे केली आणि वळून न पाहता अनवाणी खाली आलो.

"रखे?" भाभींनी विचारलं.

"ठेवले."

"मुँह किधर किया?"

"दगडाकडे."

तेव्हा त्या मटकन खाली बसल्या. मोहसीनला घरातून नेताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं. आता कधीही न पाहिलेल्या सासऱ्यासाठी त्या लहान मुलीसारख्या रडल्या, आणि मीही रडलो. ओढा ओलांडल्यावर मी म्हटलं, "भाभी, आता चपला घाला." त्यांनी नकारार्थी मान हलवली. "थोडा और आगे चलने दो."

मी अजून दर जुम्म्याच्या दुपारी चहाला जातो. भाभी आता दिवसाही कडी लावतात. एकट्या बाईनं लावायलाच हवी. मी दार वाजवतो आणि थांबतो. आतून पावलं येऊ लागतात, सावकाश, जरा घासत. भाभींचीच असतात... पण दार उघडेपर्यंत मी ते मान्य करत नाही.