चाकं वर की खाली?

शेतातली मोटार ऑटोवर होती, म्हणजे वीज आली की आपोआप सुरू होणार होती, तरी मी न पाहताच काकांना "बंद आहे" म्हणून सांगितलं. लाइन गेलेली, मोटार गप्प. मग पाहायचं कशाला?

काका म्हणजे आमच्या अकोल्यातले मोटारी दुरुस्त करणारे म्हातारे मिस्त्री. तरुणपणी नौदलात होते, समुद्रावर गस्त घालणाऱ्या विमानाचे मेकॅनिक. ते विमान धावपट्टीवर उतरायचं तसं पाण्यावरही.

"पाण्यावर उतरताना चाकं वर पाह्यजेत," काका सांगायचे. "खाली राहिली का विमान उलटलंच. म्हणून तीनदा इचारायचं अन् डोयानं पाहून सांगायचं."

समुद्र न पाहिलेले आम्ही फिदीफिदी हसायचो. काका चहात साखर टाकतानाही तीनदा विचारत. आता ते नाहीत, आणि मला तसं कुणी विचारत नाही.

त्या दिवशीही त्यांनी तीनदा विचारलं. मी तीनदा "बंद" म्हणालो. मोटारीच्या मागच्या पंख्यात हात घालण्याआधी काका उठले, स्टार्टरच्या पेटीतले फ्यूज काढून खिशात टाकले आणि कामाला लागले. तेवढ्यात शेजारच्या शेतातली मोटार घरघरली. लाइन आली होती.

काकांचा हात अजून पंख्यातच होता. मी पेटीकडे धावलो, तर बटण ऑटोवरच होतं.

काम पुरं करून ते म्हणाले, "बाबू, उद्यापासून मोटारीपाशी तू नको येऊ. तुह्या बायकोले पाठव. ती पाहून तरी सांगते."