डोळ्यांवर नेम, कानात फोटो

बाबालाल शिकलगाराच्या आज्या-पणज्यांनी सुऱ्या-कात्र्यांना धार लावण्यात जन्म घालवला. बाबालालनं फोटोचा धंदा धरला, आणि त्याच्या फोटोलाच धार येईना. हे तो स्वतःच सांगायचा, दुसऱ्या कुणी म्हणायच्या आधी.

चौऱ्याहत्तर साली त्यानं कसबा बावड्यातल्या आपल्या दुकानासाठी एक जुना जर्मन कॅमेरा पैदा केला. लेन्स भली रुंद. "चिमणीच्या उजेडातबी फोटो काढतोय ह्यो," असं सांगत तो गावभर हिंडला. या कॅमेऱ्यात लेन्समधून काही दिसत नसे. शेजारच्या बारीक खिडकीत एकाच माणसाच्या दोन प्रतिमा दिसायच्या. त्या एकमेकींवर चपखल बसल्या की बटण दाबायचं.

पहिला आला पिराजी पैलवान. बाबालालनं डोळ्यांवर नेम धरला, आणि फोटोत उमटले कान! तालमीत मोडलेल्या कानांची घडी न् घडी स्पष्ट, तोंडावर मात्र धुकं. पण पिराजी खूश. "तोंड काय, कुणालाबी असतंय. कान बघा की!" ती शाबासकी बाबालालनं मुकाट घेतली. वर दोन दिवस मिरवलीसुद्धा.

मग कोडोलीच्या चिमणाबाई आपल्या लेकीला, तानाबाईला, घेऊन आल्या. स्थळाला पाठवायला फोटो हवा होता. फोटोत कानातल्या कुड्यांचा मोती न् मोती मोजून घ्यावा असा आला. स्थळाकडून निरोप आला, "कुड्या पसंत हायत. पोरगी काय दिसली न्हाय."

चिमणाबाई दुकानात येऊन कडाडल्या. बाबालालनं मान वर करून ठोकून दिलं, "पोरगी हालली."

दुपारी जेवताना त्यानं घडलेलं सांगितलं. बायको हुसेनबी समोर बसली होती. ती म्हणाली, "अवो, घरात चिमणीच्या उजेडात माझा काढलासा, त्यो झ्याक आला. दुकानात येवढा उजेड, आन् तितंच कसं बिघडतंय?"

बाबालालचा हात ताटातच थांबला. अंधारात तो लेन्स सताड उघडी ठेवायचा, उजेडात तिचं तोंड बारीक करायचा. हात धुऊन त्यानं फळीवर नऊ काड्यापेट्या तिरक्या रांगेत, एकीच्या थोडी मागं दुसरी अशा मांडल्या आणि पाचव्या पेटीवर नेम धरून फोटो काढले. लेन्स पूर्ण उघडी, तर पाचवी पेटी लख्ख. तोंड बारीक केलं, तर सहावी-सातवी लख्ख आणि पाचवी पुसट! लेन्स बारीक केली की नेम मागं सरकत होता, आणि खिडकीला त्याचा पत्ताच नव्हता.

"म्हंजे पोरगी हालली न्हवती," हुसेनबी म्हणाली.

"न्हाय."

"मग जावा की कोडोलीला."

कॅमेरा घेऊन एष्टीत बसल्यावर त्यानं माफीची तीन-चार भारी वाक्यं जुळवली. तानाबाई दारात दिसताच ती सगळी विसरला. "पोरी, तू हालली न्हवतीस. माजंच चुकलं."

"मग चाचा," ती म्हणाली, "पंधरा दिस आरशाम्होरं दम कोंडून बसाय शिकालोय मी, त्ये कशाला?"

तिथंच पुन्हा फोटो काढताना बाबालालनं नेम नाकाच्या शेंड्यावर धरला. डोळे असे आले की पापणीचा केस न् केस दिसावा. गालावरचा देवीचा वणही आला. चिमणाबाई म्हणाल्या, "त्येवढा पुसून टाका." तानाबाई म्हणाली, "असू दे. माजाच हाय."

तो फोटो बघून बिद्रीच्या कारखान्यातल्या एका फिटरनं मागणी घातली. लग्नात फोटो काढायला बाबालालला मानानं बोलावणं आलं. मांडवात त्यानं भेटेल त्याला नाकाच्या शेंड्याची विद्या ऐकवली. मग हार घालतानाचे सहा फोटो धडाधड काढले. खिडकीत सगळं कसं लख्ख दिसत होतं!

नवऱ्याची आत्या अंबूबाई मघापासून त्याच्याकडे टक लावून बघत होती. शेवटी तिला राहवेना. "अवो पावणं, त्येचं टोपडं काढा की!"

लेन्सचं झाकण तसंच होतं. सारा मांडव हसला. बाबालालनं झाकण काढून खिशात टाकलं, आणि नवरा-नवरीला हात जोडून हार पुन्हा घालायला लावले.